तिकिटाविना घाटपायथा : नेरळ ते खालापूर

मध्य रेल्वेच्या मुंबई–कर्जत मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८६ किलोमीटरवर असलेले नेरळ हे बहुतेक प्रवाशांना माथेरानची गाडी पकडण्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असते, आणि त्याच्या भोवतालचा कर्जत-खालापूरचा मुलूख गेल्या काही दशकांत फार्महाउस, रिसॉर्ट आणि जलक्रीडा उद्याने यांच्यासाठी नावारूपाला आला आहे. या साऱ्या ठिकाणी दाराशीच पैसे मोजावे लागतात, त्यामुळे सहलीला निघालेल्या कुटुंबाचा असा समज होतो की खिशात पुरेशी रक्कम नसेल तर या भागात पाहण्यासारखे फारसे काही नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या दोन तालुक्यांचा दोन हजार वर्षांचा इतिहास ज्या गोष्टींतून वाचता येतो, ती लेणी, देवळे, तळी, घाटवाटा, लोहमार्ग आणि हुतात्म्यांची स्मारके जवळजवळ सगळी कुंपणाबाहेर, सार्वजनिक मालकीच्या जागेत उभी आहेत. लोकलचे तिकीट, पुढे एसटीचे किंवा रिक्षाचे भाडे आणि पायपिटीची तयारी एवढ्यावर ती पाहता येतात.

ही स्थळे वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या माणसांनी उभारलेली असली, तरी ती इथेच का आहेत याचे उत्तर एकच आहे, आणि ते भूगोलात सापडते. नेरळची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर आहे, तर पूर्वेला काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा एकदम उभा राहून सहाशे मीटरांच्या वर जातो. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर, म्हणजे घाटमाथ्यावरील पठारी प्रदेशात, न्यायचा तर हा कडा कुठेतरी चढावाच लागे, आणि चढता येण्याजोग्या खिंडी मोजक्याच होत्या. जिथे वाट चढते तिथे व्यापारी थांबतात, भिक्षू वस्ती करतात, किल्लेदार पहारा ठेवतो, पुढे अभियंता लोहमार्ग आखतो. आणि जिथे पाणी तेवढ्याच उंचीवरून खाली येते तिथे वीज निर्माण होते. नेरळ ते खालापूर या पट्ट्यात जे काही विनामूल्य पाहायला मिळते, ते या चढणीने आणि या उताराने घडवलेले आहे.

सुरुवात नेरळ स्थानकापासूनच करणे योग्य ठरते. इथे पाच फूट सहा इंच रुंदीच्या ब्रॉडगेज मार्गाला लागूनच दोन फूट रुंदीचा, म्हणजे ६१० मिलिमीटरचा, नॅरोगेज मार्ग सुरू होतो, आणि दोन्ही रूळ एकाच दृष्टिक्षेपात पाहता येतात. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी सुमारे १६ लाख रुपये खर्चून बांधलेला हा मार्ग मार्च १९०७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे, तर घाटरस्ता याच्या जवळपास निम्म्या अंतरातच माथेरानच्या वेशीवरील दस्तुरी नाक्याला पोहोचतो. एवढा फरक का, हे समजून घेण्यातच या रेल्वेची खरी गंमत आहे. या मार्गावर दातेरी रूळ नाहीत, म्हणजे चढ चढताना गाडीला धरून ठेवणारी कोणतीही यांत्रिक पकड नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातील घर्षणावरच सारी भिस्त आहे. त्यामुळे चढ जास्तीत जास्त वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, एवढाच ठेवावा लागला, आणि तो तेवढाच राखण्यासाठी रूळ डोंगराच्या अंगावरून वळसे घेत लांबवावे लागले. अरुंद मार्गावर तीव्र वळणे घेता येतात, म्हणून दोन फुटी रुंदी निवडली गेली.

ही रचना पाहण्यासाठी गाडीत बसावेच लागते असे नाही. नेरळहून वर चढणारा घाटरस्ता जुम्मापट्टीच्या परिसरात लोहमार्गाच्या जवळून जातो आणि त्याला छेदतोही. सकाळच्या वेळी त्या बाजूला चालत गेल्यास छोटी गाडी एका वळणावर समोर दिसते आणि थोड्याच वेळात तीच वरच्या वळणावर उलट दिशेने जाताना दिसते. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला; २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठे नुकसान होऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासूनची सेवा पूर्ववत झाली. भारतातील पर्वतीय रेल्वेमार्गांच्या जागतिक वारसा नोंदीत दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला यांचा समावेश आहे, तर माथेरान अद्याप संभाव्य यादीत आहे. पेब किल्ल्याकडे किंवा कड्यावरच्या गणपतीकडे जाणारे अनेक हौशी लोक या रुळांवरून चालतात. ते बेकायदेशीर आहे आणि अरुंद कापणीत गाडी समोर आली तर बाजूला व्हायला जागा उरत नाही, म्हणून नेरळ बाजूच्या पायवाटेनेच पेब चढणे शहाणपणाचे.

माथेरानचा विस्तृत विचार इथे केलेला नाही, कारण तिथे प्रवेश करताना नगरपरिषदेचा कर भरावा लागतो. तो भरल्यावर मात्र पुढचे सगळे, म्हणजे तीसहून अधिक पॉइंट, लाल मातीच्या सावलीतल्या वाटा, शार्लोट तलाव आणि त्याच्याजवळचे ग्रामदैवत पिसारनाथाचे देऊळ, पायी फिरून पाहता येते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण थंड हवेची जागा म्हणून पुढे आणले आणि तिथे आजही मोटारगाड्यांना बंदी आहे, एवढे सांगून पुढे जाता येईल.

नेरळच्या पुढे कर्जत स्थानकावर रेल्वेच्या इतिहासाचा दुसरा, अधिक भव्य भाग पाहायला मिळतो. कल्याणकडून आलेला लोहमार्ग १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला आणि घाटाच्या पायथ्याशी अडला. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि मधली घाटचढण प्रवाशांना पालखी, डोली किंवा बैलगाडीने पार करावी लागे. बोरघाटातील लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये खुला झाला तेव्हा त्यात पंचवीस बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक होता. बांधकामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते आणि त्यांतले हजारो पटकी, ताप आणि अपघात यांनी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवले, ही घटना इतिहासग्रंथांत नोंदली गेली; मजुरांची नावे मात्र कुठल्याही फलकावर नाहीत, आणि ही उणीव भरून काढणारे एखादे साधे स्मारक कर्जत स्थानकात असायला हवे.

त्या चढणीचा प्रत्यय आजही कर्जतच्या फलाटावर येतो. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात त्या केवळ प्रवासी घेण्यासाठी नव्हे. गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, ज्यांना रेल्वेच्या बोलीत बँकर म्हणतात, आणि पुढचे इंजिन ओढत असताना ती मागून रेटा देत गाडी घाटमाथ्यावर नेतात. या थांब्यामुळेच कर्जतचा वडापाव प्रसिद्ध झाला. लोकलने आलेल्या प्रवाशाला हातातल्या तिकिटावर हे जोडणीचे काम फलाटावरून पाहता येते, आणि लहान मुलांना चढ, वजन आणि शक्ती यांचा संबंध समजावून सांगण्यासाठी याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

घाट चढण्याचा प्रश्न मात्र रेल्वेच्या दोन हजार वर्षे आधीचा आहे, आणि त्याचा सर्वांत सुंदर पुरावा कर्जतपासून काही किलोमीटरवर, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या रानात आहे. कोंडाणे लेणी ही इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेली हीनयान परंपरेतील बौद्ध लेणी असून, ती कोंढिवडे गावाकडून राजमाचीला चढणाऱ्या वाटेवर आहेत. सातवाहनकाळात अशा वाटांनी बंदरांतला माल जुन्नर, पैठण, तेर यांसारख्या नगरांकडे जात असे; व्यापाऱ्यांच्या तांड्यांना निवारा हवा असे, भिक्षूंना दान हवे असे, आणि पावसाळ्यातील तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा संघाचा नियम होता. या तिन्ही गरजांमधून घाटवाटांलगत लेणी निर्माण झाली.

कोंडाण्याचे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनागृह, सुमारे ६६ फूट खोल आणि २८ फूट उंच आहे. दर्शनी कमान पिंपळपानाच्या आकाराची असून तिच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले कठडे, जाळ्या, गवाक्षे आणि एकावर एक चढत गेलेले सज्जे दिसतात. ही सारी मांडणी लाकडी इमारतीची आहे. ज्या कारागिरांना लाकडाचे वासे, तुळया आणि कठडे घडवण्याची सवय होती, त्यांनी तोच घाट दगडात उतरवला, आणि त्यामुळे ज्या काळातील एकही लाकडी वाडा आज उभा नाही त्या काळातील घरबांधणी कशी असेल हे या कातळावरून कळते. आतले खांब किंचित आत कललेले आहेत. खऱ्या लाकडी बांधकामात छताचा बाहेर ढकलणारा दाब पेलण्यासाठी ते तसे उभारत, दगडात त्याची गरज नव्हती, तरीही सवयीने ती पद्धत पाळली गेली. बरेचसे खांब आज खालून झिजून गेले आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागालगत एका मोठ्या मूर्तीचे भग्न मस्तक असून त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे; कान्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, असा त्याचा आशय. प्राचीन भारतात दान देणाऱ्यांची नावे शेकड्यांनी सापडतात, पण घडवणाऱ्याने स्वतःचे आणि आपल्या गुरूचे नाव कोरल्याची उदाहरणे विरळ आहेत, आणि त्यांतले एक कर्जतच्या रानात उघड्यावर वाचायला मिळते. शेजारच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासात, दालनाभोवती लहान खोल्या आणि त्यांत झोपण्याचे दगडी ओटे आहेत. पावसाळ्यात चैत्याच्या कपाळावरून पाणी कोसळते आणि त्याच पडद्याआड उभे राहून फोटो काढण्यासाठी गर्दी होते. शिल्प नीट पाहायचे असेल तर हिवाळ्यातील सकाळ निवडावी.

याच तालुक्यात कशेळे-जांबरुग बाजूला आंबिवली गावाजवळ, नदीच्या वळणावरील बुटक्या टेकडीत दुसरे एक लेणे आहे, ज्याकडे फारच थोडे लोक वळतात. चौकोनी दालन, तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या आणि भिंतीलगत फिरणारा दगडी बाक एवढीच त्याची रचना; कोंडाण्याचे वैभव इथे नाही, पण राहण्याची जागा म्हणून विहार कसा वापरला जाई हे इथे अधिक शांतपणे उमगते. आंबिवलीहूनच पेठच्या किल्ल्याची, म्हणजे कोथळीगडाची, चढण सुरू होते. १६८४ मध्ये मोगलांनी फितुरीच्या बळावर घेतलेल्या या गडाच्या सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा आहे आणि माथ्यावर जाणारा जिना बाहेरून न बांधता सुळक्याच्या आतूनच वर खोदत नेला आहे. त्याच्याही पुढे खांडस गावातून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा निघतात: अवघड आणि जवळची शिडी घाटाची, आणि लांबची पण सोपी गणेश घाटाची. श्रावणात आणि महाशिवरात्रीला कोकणातील भाविक आजही या वाटांनी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला चढून जातात, म्हणजे सातवाहनकालीन पायवाटांच्या जाळ्यातला एक धागा अजून वापरात आहे.

खालापूर तालुक्यात घाटवाटेचा लष्करी अर्थ स्पष्ट होतो. चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कोकणात पाठवलेला सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने उतरून या अरण्यात शिरला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला अडवण्याची घाई न करता सारे सैन्य खिंडीत पूर्ण उतरू दिले आणि मग पुढची व मागची दोन्ही तोंडे बंद केली. दाट झाडीत, पाण्याविना, पांगायला जागा नसलेल्या त्या फौजेचा संख्याबळाचा फायदा तिथेच संपला, आणि माहूरच्या रायबागन यांच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली. सामान आणि खंडणी सोडून त्याच्या सैन्याला जाऊ देण्यात आले. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात या प्रसंगाचे वर्णन आहे. आज तिथे समरभूमीचे स्मारक उभे आहे, परंतु स्मारकापुरते पाहून परतू नये. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा आणि मधली अरुंद खिंड डोळ्यांनी मोजली, तरच ही लढाई इतक्या कमी वेळात का निकाली निघाली हे ध्यानात येते.

खोपोलीत हाच घाट वाटसरूंच्या सोयीच्या रूपाने भेटतो. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांनी इथे वीरेश्वराचे देऊळ आणि मोठा तलाव बांधला, कारण बोरघाट चढण्यापूर्वी माणसांना आणि जनावरांना पाण्याची व विसाव्याची गरज असे. घाटरस्त्यावर पुढे शिंग्रोबाचे छोटे देऊळ लागते. घाटातील वाट इंग्रज अधिकाऱ्यांना दाखवणारा हा धनगर होता आणि काम झाल्यावर त्यालाच ठार मारण्यात आले, अशी लोककथा आहे. तिला कागदोपत्री आधार असो वा नसो, घाटाचे ज्ञान गुराख्या-धनगरांचे होते आणि श्रेय इतरांना मिळाले ही तिच्यातली जाणीव खरी आहे, आणि ट्रकचालक आजही तिथे नाणे वाहून पुढे जातात. खालापूरजवळच्या महडचे वरदविनायकाचे देऊळ अष्टविनायकांपैकी एक असून, सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी ते १७२५ मध्ये बांधले असे सांगितले जाते. गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून तेवत असल्याची श्रद्धा आहे.

आता पाण्याकडे वळावे लागेल, कारण विसाव्या शतकातील या भागाचा इतिहास पाण्याने लिहिला आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेत लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी साठवले गेले आणि ते मोठ्या नळांतून खोपोलीला खाली सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली जाऊ लागली; डोंगरउतारावरून सरळ खाली येणारे ते नळ खोपोलीतून दुरूनही दिसतात. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे दुसरे वीजकेंद्र सुरू झाले. केंद्रांच्या आत सामान्य माणसाला प्रवेश नाही, पण तिथून मुंबईकडे गेलेल्या वीजवाहिन्यांचे उंच मनोरे शेतांतून आणि टेकड्यांवरून जाताना लोकलच्या खिडकीतूनही दिसतात, आणि नेरळच्या हुतात्मा चौकाचा अर्थ या मनोऱ्यांशी जोडलेला आहे.

माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल वकील झाले आणि सावकारांच्या कचाट्यातील शेतकरी व आदिवासी यांच्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या आणि शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला. या दस्त्याने लक्ष्य म्हणून विजेचे मनोरे निवडले, कारण मुंबईतील गिरण्या आणि युद्धसामग्रीचे कारखाने याच विजेवर चालत होते; करवतींनी मनोऱ्यांचे पाय कापून दूरच्या महानगराचे उत्पादन थांबवता येते, हे घाटपायथ्याच्या तरुणांनी ओळखले. अखेर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात येतो, तिथे दरवर्षी या दिवशी लोक जमतात. नेरळच्या बाजारपेठेत खरेदीला आलेल्या पर्यटकांनी त्या चौकात थोडा वेळ थांबून मुलांना ही दोन नावे सांगावीत, एवढी अपेक्षा फार नाही.

भिवपुरीच्या केंद्रातून वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी वाया जात नाही. ते पेज नदीत येते, आणि म्हणून आजूबाजूच्या ओढ्यांची भर उन्हाळ्यात डबकी होत असताना पेज वाहती राहते. राजनाला कालव्याने हे पाणी शेतांत पोहोचते, त्यामुळे कर्जत तालुक्याच्या काही भागांत मार्च-एप्रिलमध्येही हिरवीगार भातखाचरे दिसतात, जे कोकणात अपवादात्मक आहे. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे आणि तिथे विकसित झालेल्या वाणांना कर्जतचेच नाव मिळून ती महाराष्ट्रभर पोहोचली आहेत. पहिल्या पावसाच्या सुमारास नेरळ आणि कर्जत स्थानकांबाहेर ठाकर व कातकरी बायका शेवळे, भारंगी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसतात. शेवळ्याची भाजी खाजेल की नाही आणि काकडे सोबत का घालायचे हे त्यांच्याकडून ऐकणे म्हणजे वनस्पतिशास्त्राचा एक पाठच असतो. मेच्या अखेरीस रानाच्या कडेला काजवे दिसू लागतात, त्यांच्यासाठी बॅटरीचा झोत बंद ठेवणे एवढेच शुल्क आहे.

पावसाळ्यातील धबधब्यांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. भिवपुरी, आषाणे, खोपोलीचा झेनिथ आणि सोलनपाड्याचा बंधारा ही नावे दर जुलैमध्ये समाजमाध्यमांवर फिरतात, आणि दरवर्षी तिथे बुडून मृत्यू होतात, कारण माथ्यावर पडलेल्या पावसाचा लोंढा पायथ्याला ऊन असतानाही काही मिनिटांत येऊन आदळतो. प्रशासन अनेकदा या ठिकाणी जाण्यास मनाई करते. तो आदेश जारी असेल तर तिथे जाऊ नये. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीनंतर या डोंगरांच्या पोटातील माती अतिवृष्टीत किती सैल होते याविषयी कोणाला शंका उरायला नको. ज्या दिवशी जोराच्या पावसाचा इशारा असेल, त्या दिवशी कर्जतचा फलाट, महडचे देऊळ, वीरेश्वराचा तलाव आणि नेरळचा चौक पाहावा. कोंडाणे, पेठ आणि उंबरखिंड नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवावीत, सकाळच्या पहिल्या लोकलने निघावे, पाणी सोबत घ्यावे आणि परतीच्या एसटीची वेळ स्थानकातच विचारून ठेवावी, कारण आंबिवली-खांडस बाजूला शेवटची गाडी चुकली तर पुढचा प्रवास विनामूल्य राहत नाही.